पावसाळ्यात कीबोर्डच्या काही पट्ट्या वाजत नाहीत किंवा एकदम ठणकन वाजतात: काय तपासायचं, कुठे थांबायचं

आधी लक्षणं बघा, तुमच्याकडे यातलं काही होतंय का.

एखादी पट्टी दाबली की वाजतच नाही, दोन-तीनदा जोर लावून दाबली की मग कधीतरी वाजते. किंवा उलट, बोट अगदी हलकं ठेवलं तरी तीच एक पट्टी फुल आवाजात ठणकन येते आणि शेजारच्या सगळ्या व्यवस्थित असतात. किंवा एकदा दाबली की सूर दोनदा वाजतो. अजून एक खूण आहे जी बऱ्याच जणांच्या लक्षात येत नाही, हार्मोनियम किंवा ऑर्गनचा टोन लावला की ठणकणारी पट्टी अगदी नॉर्मल वाटते आणि पियानो लावला की लगेच दोष दिसतो, कारण ऑर्गनचे बहुतेक टोन बोटाच्या जोराकडे बघतच नाहीत. भजनात वर्षभर पेटीचाच टोन वाजवणाऱ्याला म्हणूनच हा दोष खूप उशिरा कळतो, ऑर्केस्ट्रासाठी दुसरा टोन लावला की मग धावपळ. काही वर्कस्टेशनवर (रेकॉर्डिंगची सोय आतच असलेला मोठा कीबोर्ड) बेसचा टोन लावून वाजवताना मध्येच एका पट्टीवर स्लॅपचा, म्हणजे बेसची तार आपटल्यासारखा, 'टकाक' असा वेगळाच आवाज येतो, लोकांना वाटतं टोन खराब झाला. टोन ठीक असतो, त्या टोनमध्ये हळू दाबल्यावर एक सॅम्पल (रेकॉर्ड करून ठेवलेला आवाज) आणि जोरात दाबल्यावर दुसरं सॅम्पल असतं, आणि ती पट्टी प्रत्येक वेळी मशीनला 'जोरात दाबली' असंच सांगत असते.

आणि वेळ बघा. शिमग्यापासून मे महिन्यातल्या पूजांपर्यंत कीबोर्ड मस्त चाललेला असतो, मृग लागला की बॅगेत जातो, आणि श्रावणात गणपतीच्या तालमीला बाहेर काढला की मधल्या सप्तकातल्या काही पट्ट्या गेलेल्या असतात. मालवण, देवगड, वेंगुर्ला, गुहागर, कुठल्याही खाडीकाठच्या वाडीत विचारा, 'ह्यो सूर वाजणा नाय रे' हे वाक्य ऐकलं नाही असा कीबोर्डवाला सापडणार नाही. हेच काम मी दर पावसाळ्यात करतो, आमच्या मंडळाच्या कीबोर्डचं आणि ओळखीतल्यांच्यापण, म्हणून एकदा सगळं नीट लिहून ठेवतोय.

हे का होतं

प्रत्येक पट्टीच्या खाली रबराची छोटी टोपी असते आणि तिच्या आत कार्बनचे दोन काळे ठिपके, एक थोडा पुढे आलेला, एक थोडा मागे. पट्टी दाबली की पहिला ठिपका खालच्या सर्किट बोर्डला आधी टेकतो, मग दुसरा. या दोन टेकण्यांच्या मधला वेळ मशीन मोजतं, वेळ कमी म्हणजे जोरात दाबली, वेळ जास्त म्हणजे हळू. त्यावरून १ ते १२७ मधला एक आकडा ठरतो, त्यालाच व्हेलॉसिटी म्हणतात. मिडी हे स्टँडर्ड, म्हणजे वाद्यांनी एकमेकांशी आणि कॉम्प्युटरशी बोलायची ठरलेली भाषा, १९८३ मध्ये आलं तेव्हापासून आकडे हेच आहेत, आणि शून्य हा आकडा सूर बंद करण्यासाठी राखून ठेवलेला आहे. म्हणजे ६१ पट्ट्यांच्या कीबोर्डमध्ये असे १२२ ठिपके झाले, आणि त्यातला एक जरी मळला तरी तो सूर बिघडतो.

आता पहिला ठिपका मळला आणि उशिरा टेकला तर मशीनला दोन्ही जवळजवळ एकाच वेळी टेकल्यासारखे वाटतात, मग ते म्हणतं फार जोरात दाबली, आणि सूर १२७ ने ठणकतो. दुसरा मळला तर सूर वाजतच नाही कारण आवाज सुटतो तो दुसरा टेकल्यावर. एवढं डोक्यात ठेवलं की लक्षण बघूनच अर्धा निकाल लागतो.

आपल्याकडेच हे जास्त का, तर हवा. रत्नागिरी-सिंधुदुर्गात वर्षाला ३००० मिलिमीटरच्या वर पाऊस, त्यात समुद्राची खारी हवा, आणि मीठ हवेतलं पाणी ओढून घेतं हे स्वयंपाकघरातल्या मिठाच्या बरणीवरून प्रत्येकाला माहीत आहे. खारट ओलावा बोर्डवर पातळ थर धरतो, त्यावर धूळ बसते, कार्बन आणि बोर्ड यांच्यात नीट कनेक्शन होत नाही. कुठल्याही कंपनीचा कीबोर्ड घ्या, महागडं वर्कस्टेशन असो किंवा शिकायचा साधा असो, पट्टीखाली बहुतेक ठिकाणी हीच रचना आहे.

फुकटात होणाऱ्या तपासण्या

स्क्रू ड्रायव्हर बाजूला ठेवा. आधी एकच साधा पियानो टोन लावा, लेयर (दोन टोन एकत्र) बंद, स्प्लिट (डाव्या-उजव्या भागाला वेगळे टोन) बंद, स्टाइल (आपोआप वाजणारी साथ) बंद. वर्कस्टेशनमध्ये कॉम्बी किंवा परफॉर्मन्स (अनेक टोन एकत्र केलेला सेट) लावलेला असला की कीबोर्डचे भाग पाडलेले असतात, खालच्या सप्तकाला बेस, वर स्ट्रिंग्ज, आणि त्यातला एखादा पार्ट म्युट राहिला की लोकांना वाटतं अर्धा कीबोर्ड मेला. स्टाइल वाजवायच्या कीबोर्डवर कॉर्डचं बटण चालू राहिलं तरी डाव्या हाताच्या पट्ट्यांवर मेन टोन वाजत नाही. कुठलाच सूर वाजत नसेल पण डेमो गाणं वाजतंय तर 'लोकल कंट्रोल' (पट्ट्या आणि आतला आवाज यांना जोडणारं सेटिंग) ऑफ झालंय का बघा, कॉम्प्युटरवर रेकॉर्डिंग करताना ते कोणीतरी बंद केलेलं असतं आणि काही मॉडेलमध्ये ते सेटिंग सेव्ह होऊन बसतं.

मग टच सेटिंग, म्हणजे बोटाच्या जोराप्रमाणे आवाज बदलायचा की नाही ते. 'फिक्स' असेल तर सगळ्या पट्ट्या एकाच आवाजात वाजतात. यातला फरक महत्त्वाचा: सगळ्याच पट्ट्या एकसारख्या वागतायत तर सेटिंग, एक-दोनच वेड्यासारख्या वागतायत तर कॉन्टॅक्ट, म्हणजे ते ठिपके आणि बोर्डवरची त्यांची टेकायची जागा. ट्रान्सपोजपण (सगळे सूर एकदम वर-खाली सरकवायचं सेटिंग) शून्यावर आणून घ्या. बुवांनी काळी चार मागितली म्हणून वर चढवलेलं तसंच राहतं आणि दुसऱ्या दिवशी 'सूर बेसूर लागतायत' अशी तक्रार येते.

पेडल काढा, सगळी. सस्टेन पेडलची (सूर लांबवणारं पेडल) पोलॅरिटी, म्हणजे चालू-बंदची दिशा, उलटी लागली की सूर लटकत राहतात आणि ते पट्टी अडकल्यासारखं वाटतं. बऱ्याच कीबोर्डमध्ये पेडल लावून मग पॉवर चालू करायची असते, चालू करताना पाय पेडलवर असेल तर मशीन उलटंच समजतं. एक्स्प्रेशन पेडल (पायाने आवाज कमी-जास्त करायचं) अर्धवट वर असलं तर आवाज कमी येतो, त्यातही लोक फसतात.

एवढं झालं आणि दोष तसाच आहे, तर कीबोर्ड कोरड्या खोलीत बॅगेबाहेर काढून चालू ठेवा, दोन-तीन दिवस रोज काही तास. आतल्या सर्किटची जी थोडी ऊब असते तेवढ्यानेही ओलावा कमी होतो. उन्हात ठेवू नका, प्लास्टिक वाकतं. हेअर ड्रायरपण नको, गरम हवेने रबर आणि प्लास्टिक दोन्हीचं नुकसान होतं. आणि बिघडलेली पट्टी चाळीस-पन्नास वेळा पूर्ण तळापर्यंत, मध्यम जोराने, टकटक दाबत राहा, त्याने कार्बनवरचा पातळ थर घासला जातो. पट्टी सुधारली तर चांगलंच, पण हा उपाय तात्पुरता आहे हे लक्षात ठेवा, कार्यक्रम तोंडावर आलाय तेव्हा त्या रात्रीपुरतं भागतं, पुढच्या ओल्या आठवड्यात दोष परत येतो. त्यावर विश्वासून डबलबारीला (दोन बुवांच्या भजनाच्या सामन्याला) जाऊ नका.

खरी तपासणी इथे आहे

वर्कस्टेशन असेल तर त्यातच सिक्वेन्सर (वाजवलेला प्रत्येक सूर नोंदवून ठेवणारा रेकॉर्डर) असतो, त्याचा उपयोग करा. नवीन साँग घ्या, रेकॉर्ड दाबा, आणि सगळ्यात खालच्या पट्टीपासून वरपर्यंत प्रत्येक पट्टी एकसारख्या मध्यम जोराने चारदा वाजवत जा, काळ्या सोडायच्या नाहीत. मग इव्हेंट लिस्ट उघडा, तिथे प्रत्येक सुरापुढे व्हेलॉसिटीचा आकडा लिहिलेला असतो. चांगल्या पट्ट्या ६०, ७२, ६८, ७० अशा आसपास असतील, आणि मध्येच एक १२७, १२७, १२७, ६६ दिसेल, ती तुमची. जी चारऐवजी दोनदाच दिसते ती पण. सिक्वेन्सर नसेल तर यूएसबीने कीबोर्ड फोनला किंवा लॅपटॉपला जोडा आणि मिडी मॉनिटरचं कुठलंही फुकट अ‍ॅप घ्या, तेच आकडे दिसतात. वहीत लिहून ठेवा. कान फसवतो, टोन बदलला की वेगळं ऐकू येतं, आकडा फसवत नाही.

आता त्या वहीतल्या पट्ट्यांकडे नीट बघा, कुठल्या आहेत. माझ्या मते या सगळ्या लेखात सगळ्यात कामाची गोष्ट हीच. इकडे एक, तिकडे दोन, अशा विखुरलेल्या असतील तर मळलेले कॉन्टॅक्ट, साफ केले की बरं होणारं दुखणं. पण ठराविक अंतराने, म्हणजे समजा दर आठवी पट्टी मेलेली आहे, किंवा सलग सहा-आठ पट्ट्यांचा अख्खा गट मेलेला आहे, तर तो मळ नाही. कीबोर्डमध्ये प्रत्येक पट्टीला स्वतंत्र वायर नसते, पट्ट्या आडव्या-उभ्या ओळींच्या जाळ्यात जोडलेल्या असतात आणि मशीन एकेक ओळ तपासत जातं, त्यातली एक ओळ तुटली की त्या ओळीवरच्या सगळ्या पट्ट्या एकदम जातात. तेव्हा दोष रिबन केबलमध्ये (चपटी वायर), कनेक्टरमध्ये किंवा बोर्डवर असतो. आणि बरोबर मध्यापासून वरचा अर्धा भाग गेला असेल तर पट्ट्यांखालचे दोन बोर्ड जोडणारी केबल सैल झाली असण्याची शक्यता सगळ्यात जास्त, टेम्पोत मागे टाकून खडबडीत रस्त्याने नेलेल्या कीबोर्डला हे होतं.

हे सांगायचं कारण असं की 'बोर्ड गेला, नवीन घ्या' असं ऐकून लोकांनी चांगली मशीनं कवडीमोल विकलेली मी बघितली आहेत. तीन विखुरलेल्या पट्ट्या बिघडल्या म्हणून बोर्ड जात नाही. ती वही घेऊन दुकानात गेलात तर समोरचापण विचार करून बोलतो.

फॅक्टरी रीसेट बरेच जण सगळ्यात आधी करतात. एक-दोन पट्ट्यांच्या दोषावर त्याचा काही उपयोग नाही, मळ सॉफ्टवेअरने जात नाही. सेटिंगचाच संशय असेल तर करा, पण आधी सगळे यूझर टोन, कॉम्बी, साँग पेनड्राइव्हवर सेव्ह करा आणि पेनड्राइव्ह दुसरीकडे लावून फाइल आल्यात ना ते बघा. वर्षभर बसून बनवलेले टोन एका मिनिटात जातात.

पट्टी दाबल्यावर वर यायला वेळ लावते किंवा खालीच राहते, तर प्रश्न वेगळा, काहीतरी अडकलंय. देवळातल्या आणि मंडपातल्या कीबोर्डमध्ये अक्षता, फुलांच्या पाकळ्या, अबीर, एकदा तर चिल्लर. पॉवर काढून कीबोर्ड उलटा धरून हळू हलवा, पट्ट्यांच्या फटीत मऊ ब्रश फिरवा.

आणि काकुळतीने सांगतो, फटीतून स्प्रे मारू नका. गंज काढायचा तेलकट स्प्रे, पेट्रोल, थिनर, काहीच नाही. तेल रबराला फुगवतं, बोर्डवर पसरतं, त्यावर अजून धूळ चिकटते, आणि जिथे दोन पट्ट्या बिघडल्या होत्या तिथे पुढच्या वर्षी पंधरा असतात. असा कीबोर्ड नंतर साफ करणं फार जड जातं.

उघडायचा असेल तर

आधी बघा की उघडावा की नाही. वॉरंटी चालू असेल तर नाही. वायर थेट भिंतीतल्या २३० व्होल्टच्या सॉकेटमधून मशीनमध्ये जात असेल, म्हणजे बाहेर अ‍ॅडॅप्टर नसेल, तर पॉवर सप्लाय आत आहे आणि त्याच्या कपॅसिटरमध्ये वायर काढल्यावरही वीज साठलेली राहू शकते, तोही घरी उघडू नका. ८८ पट्ट्यांचा वजनदार हॅमरवाला (खऱ्या पियानोसारख्या जड पट्ट्यांचा) असेल तरी नको, त्याचं यंत्र वेगळं आणि ग्रीसने भरलेलं असतं. अ‍ॅडॅप्टरवर चालणारा, साध्या हलक्या पट्ट्यांचा, वॉरंटी संपलेला, आणि दोष विखुरलेला, असं सगळं जुळलं तरच पुढे वाचा.

साहित्य थोडंच लागतं. चांगल्या टोकाचा स्क्रू ड्रायव्हर, न झडणारं सुती कापड, आणि आयसोप्रोपिल अल्कोहोल, शक्यतो ९९ टक्केवालं. मेडिकलमधल्या स्पिरिटमध्ये पाणी जास्त असतं, ते नको. मोबाइल रिपेअरवाल्याकडे हे नेहमी असतं, त्याला मागितलं तर थोडं देतो किंवा कुठे मिळेल ते सांगतो.

अ‍ॅडॅप्टर काढा, बॅटरी असतील तर त्यापण. टेबलावर जाड गोधडी घालून कीबोर्ड पालथा ठेवा, दोन्ही टोकांना पुस्तकं ठेवा म्हणजे जॉयस्टिक आणि नॉबवर वजन येणार नाही. स्क्रू वेगवेगळ्या लांबीचे असतात, लांब स्क्रू आखूड जागी फिरवला तर वरच्या पॅनेलला भोक पडतं, म्हणून पुठ्ठ्यावर कीबोर्डचा आकार काढा आणि प्रत्येक स्क्रू त्याच जागी खोचून ठेवा. प्रत्येक केबल काढायच्या आधी फोनवर फोटो काढा. चपट्या पांढऱ्या रिबन केबलच्या कनेक्टरला बऱ्याचदा छोटी खिट्टी असते, ती उचलल्याशिवाय केबल ओढायची नाही.

पट्ट्यांचा सांगाडा बाहेर आला की खालचा कॉन्टॅक्ट बोर्ड सोडवा. त्यावर रबराच्या लांब पट्ट्या बसवलेल्या दिसतील, साधारण एकेका सप्तकाच्या. त्या क्रमाने काढा, कुठली कुठे होती ते लिहा, आणि आतल्या काळ्या ठिपक्यांना बोट लावू नका, बोटाचं तेल म्हणजे पुन्हा तोच प्रश्न. जिथे मळ आहे तिथे बोर्डवरचे काळे चकाकते भाग धुरकट दिसतात, कधी पांढुरके डाग असतात, ते मीठ. कापड अल्कोहोलने ओलसर करून, टपटपणारं नाही, एकाच दिशेने हलकं पुसायचं. रबराचे ठिपके त्याहून हलक्या हाताने. कापडावर काळं येत राहिलं तर लगेच थांबा, तुम्ही कार्बनच काढताय. सँडपेपर, खोडरबर, टूथपेस्ट यातलं काही नको.

अर्धा तास सुकू द्या. परत बसवताना प्रत्येक रबरी खुंटी बोर्डच्या भोकात पूर्ण गेली पाहिजे, बोथट काडीने हळू दाबत जा, एखादी वर राहिली तर ती पट्टी दाबायला जड लागते. जोडून झाल्यावर पुन्हा तीच रेकॉर्डिंगची परीक्षा घ्या, आकडे वहीतल्या जुन्या आकड्यांशी ताडून बघा.

साफ करूनही तीच पट्टी बिघडलेली असेल तर एक शेवटची युक्ती, सारख्या लांबीच्या दोन रबरांची जागा आपसात बदला. दोष रबराबरोबर सरकला तर रबर झिजलंय, मॉडेल नंबर सांगून नवीन मागवता येतं. दोष जिथल्या तिथे राहिला तर बोर्डवरचा भाग किंवा डायोड (त्यावरचा छोटा पार्ट) गेलाय आणि तुमचं काम इथे संपलं.

इथे थांबा, रिपेअरवाला बोलवा

जळका वास आला, आत पाणी किंवा चहा गेला, किंवा मंडपात पावसात भिजला, तर चालू करून बघायचंच नाही, पॉवर काढायची, बॅटरी काढायची आणि थेट नेऊन द्यायचा. भिजलेल्या मशीनचं खरं नुकसान बऱ्याचदा पाण्यापेक्षा 'चालतोय का बघू' म्हणून पॉवर दिल्याने होतं. ठराविक अंतराने मेलेल्या पट्ट्या, सलग गट, बोर्डवर हिरवा गंज, तुटलेली रिबन, स्क्रीनच सुरू होत नाही, हे सगळं त्याचंच काम, सोल्डरिंग येत असलं तरी. त्याच्याकडे नेताना मॉडेल नंबर, वहीतले आकडे, आधी काय-काय केलं ते सगळं सांगा, स्प्रे मारला असेल तर तेही लपवू नका, कारण मग तो साफ करायची पद्धत बदलतो.

दरवर्षीचा त्रास कमी करायचा असेल तर जून ते सप्टेंबर कीबोर्ड बॅगेत बंद ठेवू नका. स्टँडवर, सुती कापड झाकून, खिडकीपासून लांब, आणि आठवड्यातून दोनदा अर्धा-पाऊण तास सगळ्या सप्तकांत वाजवा, नुसता चालू ठेवू नका. विजा चमकायला लागल्या की प्लग काढा. बॅगेतच ठेवावा लागला तर सिलिका जेलच्या पुड्या टाका आणि त्या मधूनमधून बदला, ओल्या झालेल्या पुड्या तशाच राहिल्या तर उपयोग नाही. आणि एसी गाडीतून उतरवून दमट मंडपात नेलात तर लगेच बॅग उघडू नका, थंड मशीनवर हवेतलं पाणी जमतं, तासभर तशीच राहू द्या, मग साउंड चेकला बसा.